आमचा सेंट्रल एसी गेला आणि मग कोटेशनं आली

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या एप्रिलच्या शेवटी, सोलापुरात पारा ४३ च्या पुढं गेलेला होता तेव्हाची गोष्ट. रात्री अडीचला गच्चीवरनं ‘ढुम्म’ असा आवाज आला, घरातली एक फेज गेली आणि मी खाली आलो तर अप्पा लुंगी सावरत पॅसेजमधल्या थर्मोस्टॅटसमोर उभे, अंधारात मोबाईलची बॅटरी दातात धरून बटणं दाबतायत. मला बघून म्हणाले, काही नाही, ट्रिप झालाय, सकाळी चालू होईल. सकाळी काही चालू झाला नाही.

सांगायचं कारण असं की हा एसी आमच्या घरात नुसता एसी नव्हता. २०१० ला विजापूर रोडला बंगला बांधला तेव्हा टॉवेलचा धंदा जोरात होता, अक्कलकोट रोड एमआयडीसीतला आमचा कारखाना तीन पाळ्या चालायचा, आणि अप्पांनी ठरवलं की घरात एकही डबा भिंतीवर लटकलेला दिसला नाही पाहिजे. तेव्हा ३ लाख ८० हजार घालून ८.५ टनाचा डक्टेबल बसवला. वास्तुशांतीला आलेल्या प्रत्येक पाहुण्याला छताकडं बोट दाखवून ‘पूर्ण बंगला सेंट्रल एसी’ हे वाक्य ऐकायला लागलंय, काही जणांना दोनदा.

आता आपल्याकडं घरात ज्याला सेंट्रल एसी म्हणतात तो खरं तर डक्टेबल स्प्लिट असतो. गच्चीवर मोठं आउटडोअर, माळ्यावर किंवा बाथरूमच्या वरच्या पोकळीत एक मोठं इनडोअर, आणि त्याच्यातनं निघालेले पत्र्याचे चौकोनी डक्ट फॉल्स सीलिंगच्या वरनं प्रत्येक खोलीत जातात, खोलीत दिसते ती नुसती जाळी. थर्मोस्टॅट एकच. म्हणजे आईला देवघरात थंडी वाजली तरी बंद करायचा तर सगळ्यांचा बंद.

टन म्हणजे काय हे पण मला मागच्या वर्षीपर्यंत धड माहीत नव्हतं, मला वाटायचं मशीनचं वजन असेल (हसू नका, विचारून बघा आजूबाजूला, निम्म्या लोकांना असंच वाटतं). पूर्वी थंडावा बर्फाच्या लाद्यांनी मोजायचे, एक टन बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता ओढून घेतो तेवढी ओढणारं मशीन म्हणजे एक टन, आजच्या हिशेबात साधारण ३.५ किलोवॅट. म्हणजे आमच्या डोक्यावर रोज साडेआठ टन बर्फ वितळवायची ताकद बसवलेली होती आणि खाली राहणारी माणसं किती, तर अप्पा, आई, मी, बायको आणि एक पोरगं.

मिस्त्री आला. नऊ वाजता गच्चीवर चढला, अर्ध्या तासानं खाली उतरून चहा घेता घेता म्हणाला, ‘मालक, कॉम्प्रेसर जळलंय की.’ अप्पांनी विचारलं पंधरा वर्षं नीट चाललं ते आत्ताच कसं जळलं, तर त्यानं काही उत्तर दिलं नाही, म्हणाला शिडी द्या, हॉलमधली जाळी खोलतो. आणि जाळी खोलल्यावर वरनं जे निघालं ते बघून मला खरंच लाज वाटली. पुठ्ठे. आमच्याच कारखान्यातल्या टॉवेलच्या एक्स्पोर्ट बॉक्सचे, कापून, चिकटपट्टी मारून हॉलच्या चारही जाळ्यांवर आणि डायनिंगच्या दोन जाळ्यांवर बसवलेले. मीच बसवलेले. २०२१ च्या उन्हाळ्यात.

झालं होतं असं की लाइटबिल मे महिन्यात अठरा-वीस हजारांवर जायला लागलं. घरगुती दराच्या स्लॅबमध्ये तुम्ही जितकं वर चढाल तितकं युनिट महाग पडतं, १०० युनिटांपर्यंतचा दर आणि ५०० च्या पुढचा दर यात कित्येक पटींचा फरक, आणि हा बाबा रात्रभर चालला की ५०० च्या खाली राहायचा प्रश्नच नाही. मग मी शहाणपणा केला की रात्री हॉल कशाला गार करायचा, तिकडच्या जाळ्या बंद केल्या की सगळी हवा तीन बेडरूमकडं वळेल, खोल्या लवकर गार होतील, मशीन लवकर कट होईल. ऐकायला बरोबर वाटतं ना? मलाही वाटलं होतं, आणि पहिली दोन वर्षं तर मी मित्रांना ही आयडिया फुकट वाटत होतो.

मिस्त्रीनं मग इनडोअरचं झाकण काढून कॉईल दाखवली, म्हणजे गार गॅस जिच्यातनं फिरतो ती नळ्यांची गुंडाळी. म्हणाला, हे मशीन इन्व्हर्टर नाही, जुनं आहे, चालू झालं की पूर्ण साडेआठ टनच ओढणार, त्याला कमी चालायचं माहीतच नाही. हवेला जायला निम्मी वाट बंद, त्यामुळं कॉईलवरनं हवा कमी जाते, कॉईल शून्याच्या खाली जाते आणि तिच्यावर बर्फ धरतो. बर्फ धरला की आतला गॅस उकळून वाफ व्हायला पाहिजे तो होत नाही, पातळच परत कॉम्प्रेसरकडं येतो, आणि कॉम्प्रेसर वाफ दाबायसाठी बनवलेलं, पातळ द्रव त्याच्या तोंडात गेला की ऑइल पातळ होतं, बेअरिंग खातं, एक दिवस वाइंडिंग जळतं. मला एकदम आठवलं की पहाटे पहाटे पॅसेजमध्ये छतातनं पाणी टपकायचं आणि आम्ही ड्रेन चोक झाला म्हणून दर महिन्याला पाइप फुंकायचो. ते पाणी म्हणजे रात्रभर धरलेला बर्फ वितळलेला. चार वर्षं आम्ही महिन्याला तीन-चार हजार वाचवले आणि मशीन मारलं.

अप्पा माझ्याकडं बघत होते. काही बोलले नाहीत, पुठ्ठ्यावरचा आमच्याच फर्मचा शिक्का वाचला आणि आत गेले. बोलले असते तर बरं झालं असतं.

मग कोटेशनं. पहिला पर्याय रिपेअरचा, जुन्यातच नवीन कॉम्प्रेसर, आतनं फ्लशिंग, ड्रायर, नायट्रोजन टेस्ट, गॅस भरून ८५ हजार. पण गॅस आर-२२, ओझोनला भोक पाडणाऱ्यांतला, माँट्रियल कराराप्रमाणं भारतात तो २०३० पर्यंत बंद होत चाललाय, म्हणजे पुढं गळती झाली की प्रत्येक वेळी महाग. आणि मी विचारलं की मग नवीन गॅस भरा की याच्यात, तर तसं चालत नाही, आर-४१० ए चं प्रेशर आर-२२ च्या दीडपटीपेक्षा जास्त, ऑइल पण वेगळं लागतं, जुनी कॉईल ते सहन करणार नाही. शिवाय कॉईल दोन ठिकाणी गंजलेली. ८५ हजार घालून पंधरा वर्षांचं म्हातारं उभं करायचं, हे अप्पांनाही पटलं नाही.

दुसरा पर्याय होतं तसंच नवीन. एका डीलरचं कोटेशन आलं आणि वरच्या ओळीवर मशीनचा आकडा २ लाख ९० हजार टॅक्ससकट, ८.५ टन इन्व्हर्टर. मी म्हणलं ठीक आहे, तीन लाखांत काम होतंय. तर खाली अजून ओळी. कॉपर पाइप, केबल, ड्रेन ३८ हजार. डक्ट आणि त्याचं इन्सुलेशन १ लाख १५ हजार. जाळ्या, डिफ्यूजर, डॅम्पर २८ हजार. मजुरी आणि आउटडोअर गच्चीवर चढवायला हायड्रा क्रेन मिळून २२ हजार. झाले ४ लाख ९३ हजार. आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरात, फॉल्स सीलिंग तोडणे-जोडणे ग्राहकाकडे. पीओपीवाल्याला बोलवून विचारलं तर तो रंगासकट ७५ हजार म्हणला. ५ लाख ६८ हजार. जुन्याचे बायबॅक २५ हजार कापून ५ लाख ४३ हजार.

माझं डोकं डक्टच्या ओळीवर अडकलं. पत्रा तर तसाच आहे ना, तो कशाला बदलायचा? मिस्त्री म्हणला वर चढून बघा. चढलो. तोंडाला रुमाल बांधून, बॅटरी घेऊन माळ्यावर सरपटत गेलो तर डक्टच्या बाहेरचं इन्सुलेशन जागोजागी उसवलेलं, ओलं होऊन काळं पडलेलं, जोडावरचा टेप वाळून पापडासारखा, हात लावला की तुकडे. आणि इनडोअरला बाहेरची हवा घ्यायसाठी जे भोक ठेवलेलं त्याची जाळी तुटलेली, तिथनं दीड हात आत खारीचं घरटं. घरटं कशाचं, तर रंगीत सुताचं, टॉवेलच्या झालरीचं. कारखान्यातनं आमच्या कपड्यांना, गाडीला चिकटून जे सूत घरी येतं ते त्या खारीनं पंधरा वर्षं गोळा केलं असणार, गुलाबी, पांढरं, हिरवं, इतकं नीट गुंडाळलेलं की आमच्या पॅकिंग डिपार्टमेंटला दाखवावं. म्हणजे बेडरूममध्ये जी हवा येत होती ती खारीच्या घरातनं गाळून येत होती. डक्टची ओळ बरोबर होती.

तिसरा पर्याय एका पाहुण्यानं सुचवला, व्हीआरएफ, म्हणजे बाहेर एकच मशीन आणि आत प्रत्येक खोलीला वेगळं, पाहिजे ती खोली पाहिजे तेवढी गार. मस्त प्रकार आहे. ६ लाख ८० हजार. तो कागद मी अप्पांना दाखवलाच नाही.

या सगळ्यात आक्काचा फोन. आक्का म्हणजे माझी मोठी बहीण, डॅलसजवळ राहते, आणि योगायोग बघा, जुलैत तिचा पण सेंट्रल एसी गेला. तिची तीन कोटेशनं होती १२,४००, १५,९०० आणि २१,००० डॉलरची. दाजींनी मधलं घेतलं, म्हणजे आपले साडेतेरा लाख. अप्पा फोनवर आकडा ऐकून इतके खूश झाले की विचारू नका, लगेच म्हणाले, बघ, आपला साडेपाच म्हणजे स्वस्तच आहे की. मग मला आक्काला अर्धा तास धरून ठेवायला लागलं की तुझ्याकडं एवढे का लागतात ते अप्पांना सांग.

तर तिकडचं गणित असं. तिकडं घरच डक्टसकट बांधतात, आणि उन्हाळ्यात जी गार हवा येते त्याच डक्टनं, त्याच ब्लोअरनं हिवाळ्यात हीटरची गरम हवा येते, त्यामुळं ती सिस्टीम नको म्हणायची सोयच नाही. बाहेरचं मशीन बदललं की आतली कॉईल पण जोडीनंच बदलायला लागते, नाहीतर ठरलेली कार्यक्षमता मिळत नाही. शहराचं परमिट, इन्स्पेक्शन, आणि मजुरी तिकडची. वर गॅसचा घोळ तिकडं पण, आर-२२ चं उत्पादन आणि आयात २०२० पासून बंद, आर-४१० ए ची नवीन घरगुती मशीनं बनवणं १ जानेवारी २०२५ पासून बंद, आता आर-४५४ बी नाहीतर आर-३२, आणि २०२५ च्या उन्हाळ्यात त्या ४५४ बी च्या सिलिंडरचीच टंचाई. चांगल्या कार्यक्षमतेच्या एसीला सरकारकडनं टॅक्समध्ये ६०० डॉलरपर्यंत सूट होती, हीट पंपाला (हिवाळ्यात उलटा चालून घर गरम करणारा एसी) २,००० पर्यंत, ती पण ३१ डिसेंबर २०२५ ला संपली. पण मला त्यातली एकच गोष्ट लई आवडली. तिच्याकडं मधलं कोटेशन देणाऱ्या माणसानं आधी घर मोजलं, खिडक्या कुठल्या दिशेला, काच एकेरी का दुहेरी, छतात इन्सुलेशन किती इंच, आणि मग सांगितलं की तुमचा जुना ५ टनाचा होता पण तुम्हाला ४ पुरतो. आमच्याकडं आलेल्या तिघांनीही जुन्या मशीनवरची पट्टी वाचली आणि तेवढ्याच टनाचं कोटेशन लिहिलं. एकानं तर गाडीतनं उतरायच्या आधीच.

शेवटी आक्कानंच अप्पांना विचारलं, तुम्ही हॉलमध्ये एसी शेवटचा कधी लावला? अप्पा म्हणाले, दिवाळीला. कुठल्या? मग गप्प.

तोपर्यंत उन्हाळा काढला कूलरवर. एप्रिलमध्ये काही वाटलं नाही, सोलापूरचा उन्हाळा कोरडा, कोरड्या हवेत पाणी भराभर उडतं आणि हवा मस्त गार होते, उगीच नाही आपल्याकडं गल्लोगल्ली वाळ्याचे कूलर चालत. पण पाणी चार-पाच दिवसांआड आणि कूलर एका रात्रीत चाळीस-पन्नास लिटर पितो, आई रोज सकाळी टाकीत डोकावून अप्पांकडं बघायची. आणि मग गेल्या वर्षी मे महिन्यात वळीव म्हणता म्हणता पावसाळाच लागला, हवा दमट झाली आणि कूलर म्हणजे नुसता ओला पंखा. चादर चिकट, उशी चिकट, पापड मऊ. तेव्हा कळलं की कूलरवर सगळं भागेल असं नाही.

जूनमध्ये गारवा आला आणि निर्णय लांबला, आपलं असंच असतं. या आळसाचा फायदा असा झाला की १५ ऑगस्टला जीएसटी कमी करायची घोषणा झाली आणि २२ सप्टेंबरपासून, बरोबर घटस्थापनेला, एसीवरचा टॅक्स २८ चा १८ टक्के झाला. डक्टेबलचं ते २ लाख ९० हजारांचं मशीन २ लाख ६७ हजारांवर आलं, म्हणजे जवळजवळ २३ हजार काही न करता वाचले. पण हे फक्त मशीनवर, बसवायच्या मजुरीवर आधीपण १८ च होता, त्यामुळं डीलर ‘सगळं दहा टक्के स्वस्त झालं’ म्हणत असेल तर खालच्या ओळी बघा.

आणि शेवटी काय केलं, तर तीन बेडरूमला तीन साधे दीड टनाचे इन्व्हर्टर स्प्लिट, ५ स्टार, ४४ हजाराला एक. १ लाख ३२ हजार. यात पण वरचा खर्च लोक धरत नाहीत म्हणून सांगतो. मशीनबरोबर तीन मीटर कॉपर येतो, आमच्या खोल्या गच्चीपासून लांब, जास्तीचा १४ मीटर लागला त्याचे १४ हजार. बसवायचे साडेचार हजार, स्टँड २,७००, भिंतीत कोअर कटिंग १,८००, ड्रेन पाइप २ हजार, आणि डीबीपासून (घरातल्या सगळ्या वायरी जिथनं निघतात ती पेटी) प्रत्येक खोलीला स्वतंत्र वायर आणि एमसीबी ११ हजार, कारण जुन्या वायरिंगमध्ये त्या खोल्यांत एसीचा पॉइंटच नव्हता, कशाला असेल, सेंट्रल होता ना. वरचे झाले ३६ हजार, मशीनच्या किमतीच्या पाव भागापेक्षा जास्त. बेडरूममधल्या जुन्या जाळ्यांची भोकं पीओपीनं बुजवून रंग १६,५००. सगळं मिळून १ लाख ८४ हजार ५००, आणि जुनं मशीन डीलरला न देता भंगारवाल्याला दिलं, त्यानं तांबं-ॲल्युमिनियम वेगळं तोलून ३१ हजार दिले. हातातनं गेले १ लाख ५३ हजार ५००.

डिलिव्हरी मात्र घटस्थापनेनंतर दोन दिवसांत येणार होती ती आली आठवड्यानं, कारण सीना नदीला पूर आला, लांबोटीजवळ पुणे हायवे बंद, आमची मशीनं पुण्याच्या गोडाऊनमध्ये. पुराखाली ज्यांची घरं गेली त्यांच्यापुढं आमच्या एसीचं काय घेऊन बसायचं, त्या आठवड्यात घरात कुणी विषयपण काढला नाही.

बसवायला पोरं आली तेव्हा एक गोष्ट मी हटून करून घेतली, व्हॅक्यूम पंप. पोरगं म्हणालं थोडा गॅस सोडून हवा काढून टाकतो, सगळे तसंच करतात. म्हणलं नाही, पंप आण. पाइपमध्ये हवा आणि ओल राहिली की गॅस-ऑइलचं वाटोळं होतं आणि वर्षभरात कॉम्प्रेसर कुरकुरतो, एवढं तर मी आता शिकलोय. तो तोंड वाकडं करून गेला, तासाभरानं पंप घेऊन आला, पंधरा-वीस मिनिटं प्रत्येक मशीनला लावला. आईनं त्याला कडक भाकरी आणि शेंगाचटणी खायला घातली तेव्हा गडी जरा मोकळा झाला.

राहिला हॉल. तिथं २ टनाचा स्प्लिट ५६ हजाराला सांगितलाय, वरचा खर्च धरून ७० च्या आसपास. २०२६ च्या जानेवारीपासून स्टार रेटिंगचे नियम कडक झालेत, त्यामुळं जुन्या लेबलचा ५ स्टार आणि नव्या लेबलचा ५ स्टार एकच नाही, घेताना लेबलवरचं वर्ष बघायला लागणार. पण खरी अडचण पैशाची नाही. अप्पा म्हणतात हॉलच्या भिंतीला डबा लावायचा नाही. हॉलमधल्या चार जाळ्या त्यांनी बुजवू दिल्या नाहीत, पुठ्ठे काढून, पुसून, परत स्क्रू मारून ठेवल्यात, वर आता काहीच नाही, रिकामा पत्रा. थर्मोस्टॅट पण भिंतीवर तसाच.

परवा गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या जानेवारीतल्या यात्रेला कर्नाटकातनं आत्या आली होती, पहिल्यांदाच या घरात. चहा पिता पिता तिनं वर बघून विचारलं, ते जाळीचं काय हो अण्णा? मी स्वयंपाकघरातनं कान देऊन ऐकत होतो. अप्पा म्हणाले, ‘सेंट्रल एसी. थंडीत बंद ठेवतो.’